आज कोण कोण आलं

तुटक्या काडीचा चष्मा.
नळाखाली धरलेली कोथिंबीर.
मूठ नसलेली छत्री.
हळदीचं बोट.
डब्यात उरलेला तळलेल्या गराडूचा एकच तुकडा.
कुलूप, आणि ते दोनदा ओढून बघणारा हात.

डोळ्यांवर पट्टी बांधून रंग जुळवायचा क्यूब सोडवायचा तर असे नऊ-दहा शब्द आधी पाठ करावे लागतात. क्यूबवरच्या प्रत्येक जागेला एक अक्षर. दोन अक्षरांची जोडी, जोडीचा एक शब्द, शब्दाचं एक चित्र. च आणि म, चष्मा.

जुनी पद्धत संहिताला येत होती. तीत एका वेळी एकच तुकडा घरी पोचतो. पाच-सहा मिनिटं जातात. नव्या पद्धतीत तीन तुकडे एकदम फिरतात. पण प्रत्येक जोडीच्या चाली वेगळ्या, आणि जोड्या पाचशेच्या वर.

"जवळचे शब्द घे," ऑफिसातला अभिराम म्हणाला. तो नाशिकहून आलेला, लंचमध्ये तिला शिकवायचा. "विसरूच शकणार नाहीस असे."

तो जून होता. आई जाऊन चार महिने झाले होते. संहिताने यादी आईच्या वस्तूंनी भरली. रोज भेट होईल, असं तिला वाटलं. अडलं की बाबांना विचारायची.

"बाबा, क आणि ल?"

"कलिंगड."

"घरातलं सांगा ना."

बाबांनी दाराकडे पाहिलं. "कुलूप लिही. तुझी आई दोनदा ओढून बघायची. मी म्हणायचो, मॅडम, चोर भी थक जाएगा."

तिने लिहिलं.

मग तसा रिवाजच पडला. संध्याकाळी ती पट्टी बांधून क्यूब सोडवायची, समोर बाबा चहा घेऊन. पट्टी सुटली की विचारायचे, "आज कोण कोण आलं?"

"छत्री. कोथिंबीर. गराडू."

"गराडू म्हणजे तो लास्टवाला? तिने माझ्यासाठी ठेवलेला?"

"तोच."

"बरं." मग ते उठून कुकर लावायचे.

ऑगस्ट, चार मिनिटं.
ऑक्टोबर, दोन.
डिसेंबर, पन्नास सेकंद.

"आता चित्रं दिसतच नाहीत," ती अभिरामला म्हणाली.

"अरे वा, झालं मग तुझं. अक्षरं आठवली की बोटं फिरली पाहिजेत. मधलं चित्र नुसता टेकू असतो. तो गळूनच पडतो."

"परत लावता येतो?"

"कशाला?" डब्याचं झाकण लावत तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने मुद्दाम सावकाश केलं. पट्टीआड च-म वर थांबली. चष्म्याची वाट बघत.

क्यूबची उजवी बाजू वर.
तळ उलटा.
उजवी बाजू खाली.

हात तिच्या आधीच निघाला होता. क्यूब सुटला.

"आज कोण कोण आलं?"

"चष्मा," ती यादी आठवून म्हणाली. "कुलूप."

"चष्मा? बऱ्याच दिवसांनी आला." बाबा पुढे सरकले. "कैसा दिख रहा था?"

"काडी तुटलेली."

"कुठली काडी?"

तिचा उजवा हात मांडीवर जरासा हलला. "उजवी."

बाबांनी कप खाली ठेवला. खिशातून रुमाल काढला, त्याची घडी मोडली, परत घातली.

"हां," ते म्हणाले. "उजवीच असेल."

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"बाबा, विचारा ना."

"तांदूळ धुतोय बेटा."

"धुऊन झाल्यावर?"

"देखते हैं."

तिने वही उघडली. च-म समोरचा चष्मा खोडला, चमचा लिहिलं. मग पट्टी बांधून पुन्हा बसली. बोटांना काही फरक पडला नाही. उजवी बाजू वर, तळ उलटा, उजवी बाजू खाली. अठ्ठेचाळीस सेकंद. आत कुकरची पहिली शिट्टी झाली.

चष्मा तुटला तो मागच्या वर्षी मार्चमध्ये, सियागंजच्या बाजारातून हळद घेऊन येताना. काडी डावी होती, आणि बाबांनी ती पांढऱ्या दोऱ्याने बांधून दिली होती.