चार कोळसे कमी

मी नाशिक रोडला अकरावीला केमिस्ट्री शिकवते. मोलचं प्रकरण आलं की निम्मा वर्ग माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्यांची किडनी मागितली. त्यांना मी दटावून सांगायचे, की गणित कुणाची भीडभाड ठेवत नाही, म्हणून त्याच्यावर डोळे झाकून विसंबावं. हल्ली हे वाक्य मी वर्गात म्हणत नाही.

माझं सासर इगतपुरीचं. माझा नवरा धम्मपाल रेल्वेत आहे, त्याची ड्यूटी तिथेच. त्यामुळे रजा होती तोवर आठ महिन्यांच्या सायलीला घेऊन मी सासूबाईंकडे राहिले. सुलाबाई तोंडाने फटकळ, मनाने लोणी. पण नातीला त्यांनी एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. लांबून खुळखुळा वाजवायच्या, आणि मी "घ्या ना" म्हटलं की, "माझं हात बरं नाय," म्हणून उठून जायच्या. मुलगी झाली म्हणून असेल, असं मला वाटलं आणि मी मनातल्या मनात त्यांचा चांगला उद्धार केला.

शेवटी धम्मपालने सांगितलं. तो सातवीत असताना त्याची मोठी बहीण चैताली गेली. दहावीत होती. इगतपुरीच्या पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून शेगडीवर बांबूचं डालं उपडं घालून त्यावर वाळवायचे. त्या दिवशी लाइट गेलेली, दुसऱ्या दिवशी परीक्षा आणि युनिफॉर्म ओलाचिंब. सुलाबाईंनी मागच्या खोलीत शेगडी ठेवली आणि लवकर वाळावा म्हणून चार कोळसे जास्त घातले. चैताली त्याच खोलीत झोपली. सकाळी युनिफॉर्म खडखडीत वाळला होता. पोरगी उठली नाही.

तेव्हापासून दर पावसाळ्यात एक प्रकार चालू आहे. मागच्या खोलीची खिडकी सुलाबाई रोज संध्याकाळी कडी घालून लावतात आणि सकाळी ती उघडी असते.

"गारठती बिचारी, म्हणून आत येती," त्या म्हणायच्या आणि लगेच वर पुस्ती जोडायच्या, "आपल्यात भुतंखेतं नाय मानत, बरं का."

मीही मानत नाही. लाकूड फुगलंय, कडी सैल झालीय, असं म्हणून एका संध्याकाळी मी सायलीच्या झबल्याची नाडी कडीला गच्च बांधली. सकाळी खिडकी उघडी होती. नाडी तुटलेली नव्हती. गाठ सोडून, नीट घडी घालून ती चौकटीवर ठेवलेली होती. धम्मपाल रात्रपाळीला होता, आणि सुलाबाईंचे गुडघे असे की त्या उठल्या तर सगळं घर जागं होतं. ती नाडी मी परत झबल्याला लावली नाही.

त्याच दुपारी मी सायलीला कडेवर घेऊन त्या खोलीत होते, तेव्हा सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"संजना, तू मास्तरीण हायेस. तुझ्या हिशेबानं मला एकदा सांग. चार कोळसे कमी घातले असते, तर माझी पोर वाचली असती का?"

"नाही" म्हणून विषय मिटवता आला असता. पण मला पुरावा द्यायचा होता, शहाणपणा नडतो तो असा. खिडकीच्या तावदानावर वाफ धरली होती. त्यावर बोटाने मांडत गेले. शेगडीत धरला अर्धा किलो कोळसा, राख आणि ओल सोडून चारशे ग्रॅम कार्बन. बारा ग्रॅमला एक मोल, म्हणजे तेहतीस मोल. चार कोळशांचे शंभर ग्रॅम, म्हणजे आठ मोल. ते वजा केले.

"पंचवीस मोल उरतात, आई. कोंडलेल्या खोलीत त्यातला थोडा जरी अर्धवट जळला तरी विषारी वायू होऊन घात होतो. चार कोळशांनी काही फरक पडला नसता. तुमच्या हातांचा काही दोष नाही."

"मंग कशानं फरक पडला असता?"

वर्गात कुणी विचारलं की जसं तोंडातून निघतं, तसंच निघालं. "जे आधी कमी पडतं, त्यावर सगळं ठरतं. कोळसा भरपूर होता, हवा कमी पडली. खिडकी उघडी असती तर..."

"उघडीच व्हती," सुलाबाई हळू म्हणाल्या. "मी उघडी ठिवली व्हती. तिनं लावून घेतली. म्हणली, आई, झड आत येती, युनिफॉर्म भिजंल."

तावदानावरचे आकडे ओघळायला लागले होते. आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवून मी ते मेलेल्या पोरीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

सुलाबाई रडल्या नाहीत. खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ती आत येत नाय. आपल्याला हवा लागावी म्हणून उघडती."

आणि माझ्या कडेवरून त्यांनी सायलीला घेतलं. सायलीने त्यांच्या नाकात बोट घातलं, तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

संध्याकाळी त्यांनी त्या खिडकीच्या दोन्ही झडपा स्वतः उघडल्या आणि नातीला घेऊन त्याच खोलीत अंथरूण टाकलं. पोर भिजेल, मी म्हणाले. "निजू दे माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. पाऊस रात्रभर त्याच बाजूने झोडपत होता.

सकाळी मी धावतच गेले. खिडकीखालची लादी ओली होती. एक झडप सताड उघडी होती. दुसरी, सायलीच्या उशाकडची, कडी घालून लावलेली होती. सायली आजीच्या दंडावर डोकं ठेवून गाढ झोपली होती, आणि तिचं अंथरूण कोरडं होतं.

"ही तुम्ही लावलीत?" मी विचारलं.

सुलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. पोर जागी होऊ नये म्हणून त्या अगदी हळू बोलल्या.

"मी नाय. शिकली गं माझी पोर. एक लावायची, एक उघडी ठिवायची."