लाल डोळ्याचा मासा

झरी गावात त्या आठवड्यात जमीन रोजच हादरत होती. पण शुक्रवारी दुपारचा धक्का आला तेव्हा योगिताच्या हातातलं पातेलंच सुटलं. आधी जमिनीच्या पोटात गडगडलं, मग पत्रे खडखडले. ती आणि तिची सासू शुक्री अंगणात धावल्या. कुडाचं जुनं घर जसंच्या तसं उभं होतं. मागच्या विटांच्या खोलीला मात्र हात जाईल एवढी भेग पडली होती आणि उंबऱ्याखालून पाणी वाहत येत होतं.

"टाकी फुटली," योगिता म्हणाली.

त्या खोलीत तिचे शोभेचे ऑस्कर मासे होते. वीतभर लांबीचे चार, पांढरे, अंगावर केशरी ठिपके. दोन लुटिनो, तिचे स्वतःचे. उरलेले दोन अल्बिनो, डहाणूच्या सुदामभाऊंचे. त्यांच्या माशांच्या दुकानात ती दोन वर्षं कामाला होती, सगळं तिथेच शिकली. आठवडाभर लग्नाला जाताना त्यांनी आपली जपलेली जोडी तिच्याकडे ठेवली होती, आणि आज ते ती न्यायला येणार होते.

बादली घेऊन ती आत शिरली. वीज गेलेली. टाकीत चार बोटं पाणी उरलेलं, मासे भेदरून आडवे पडलेले. बादलीत दोनच मावणार. सुदामभाऊ नेहमी सांगायचे, "रंगाला भुलू नको. अल्बिनो पांढरा, लुटिनोही पांढरा. डोळा बघ. अल्बिनोचा लाल, लुटिनोचा काळा." पण त्या अंधारात सगळेच डोळे काळे दिसत होते. भिंतीतून माती झरली. हाताला लागले ते दोन उचलून ती बाहेर पळाली.

अंगणातल्या पिंपात सोडून उन्हात बघते तर एकाचा डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, दुसऱ्याचा काळाभोर.

"भाऊंचा एक आतच राहिला, आई."

"राहू दे. मासाच तो." शुक्रीने तिचा दंड धरला. "ती भिंत बघ!"

योगिताने बघितलं. भिंत बाहेरच्या बाजूला कलली होती. पण दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेला जीव. तिने हात सोडवून घेतला.

या वेळी तिने मोबाइलची बॅटरी लावली. उजेड पडताच एक डोळा निखाऱ्यासारखा चमकला. तिने मासा धरला, पदरात गुंडाळला, आणि तेवढ्यात खालून पुन्हा गडगडाट आला. मोबाइल पडला. दार चार पावलांवर होतं, तिला ते दिसत होतं, पण पाय उचलेनात.

पहिल्या भूकंपापासून शुक्रीने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती धावत आत आली, योगिताची वेणी हाती लागली तीच धरून तिला बाहेर ओढलं. दोघी अंगणात आपटल्या आणि मागे विटा कोसळल्या.

पदरातला मासा पिंपात सोडला, पण त्याचे कल्ले हलायला बराच वेळ लागला.

चार वाजता सुदामभाऊ मोटारसायकलवरून आले. पिंपात वाकून त्यांनी लाल डोळ्यांची जोडी ओळखली. "हेच माझे. तुझे कुठायत?"

"एक तो काळ्या डोळ्याचा. दुसरा विटांखाली."

तेव्हा कुठे त्यांची नजर खोलीकडे गेली. "तू आत कधी गेली होतीस?"

"धक्क्यानंतर. दोनदा."

ते विटांच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "अगं, एक फोन करायचास. मीच म्हणालो असतो, सोड म्हणून."

फोन करावा हे तिला सुचलंच नव्हतं. शुक्रीने तिचे हात आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवले.

टाकीच उरली नव्हती, म्हणून काळ्या डोळ्याचा मासाही तिने भाऊंबरोबर पाठवून दिला. पुढे पंधरा दिवस दोघी अंगणातच रांधत, अंगणातच झोपत. मांजराने भांडं पाडलं तरी योगिता दचकायची आणि आधी शुक्री कुठे आहे ते बघायची.