टेकायचा दगड

कागदाचे दोन गोल ठिपके चावीनानांच्या बोटाला असे चिकटले होते की सुटायचं नाव घेत नव्हते. एक हिरवा, एक लाल. जन्मभर लोखंडाशी झटापट केलेली ती बोटं, पण एवढ्याशा कागदापुढे त्यांचं काही चालेना. शेजारी बसलेल्या न्हाव्याने ते बघून गालातल्या गालात हसून घेतलं.

शाळेच्या मोठ्या खोलीत सगळं गाव जमलं होतं. फळ्यावर गावाचा नकाशा टांगला होता, चांगला चादरीएवढा. तो घेऊन आलेली मुलगी जेमतेम तिशीची. गावाने पहिल्याच दिवशी तिला नकाशाताई करून टाकलं होतं. येत्या वीस वर्षांत गाव कसं वाढवायचं ते गावानेच सांगायचं, असं ती म्हणत होती. जी जागा आहे तशीच राहावी तिथे हिरवा ठिपका लावायचा, जिथे काही नवं व्हायला हवं तिथे लाल. प्रत्येकाला एकेकच मिळणार, तेव्हा नीट विचार करून लावा.

आता आमच्यासारख्यांना विचार करा म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. तासभर नुसता काथ्याकूट. न्हाव्याने लाल ठिपका दुकानासमोरच्या रस्त्यावर लावला, कारण रस्ता रुंद हवा, आणि हिरवा दुकानावर, कारण रुंदीत दुकान जाता कामा नये. निवृत्त मास्तरांनी दोन्ही ठिपके शाळेवर लावले आणि वर भाषणही ठोकलं. एका आजींनी दोन्ही ठिपके पिशवीत टाकले, नातीला आवडतील म्हणून. नकाशाताई कुणावर रागावली नाही, हे तिचं मोठेपण म्हणायचं.

चावीनाना मात्र जागचे हलले नव्हते. त्यांना हिरवा ठिपका जिथे लावायचा होता ती जागा नकाशावर नव्हतीच.

चावीनाना हे नाव त्यांच्या चावीवरून पडलं होतं. ही कुलपाची चावी नव्हे. छातीएवढ्या उंचीची लोखंडी कांब, तिला वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून नाना गावभर फिरायचे, खड्ड्यातल्या झडपेवर बसवून गरागरा फिरवायचे, की त्या आळीचे नळ वाहू लागायचे. चौतीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलं. कुठल्या झडपेला किती फेरे द्यायचे हे त्यांच्या मनगटाला पाठ होतं. आणि गंमत बघा, त्यांच्याच घरी नळ नव्हता. त्यांचं घर वरच्या आळीत, टाकी खाली, आणि पाण्याला चढ चढायची सवय नाही. त्यामुळे त्यांची बायको रोज खालच्या नळावर घागर भरायची आणि चढ चढून यायची.

"अख्ख्या गावाला पाणी पाजता," ती म्हणायची, "आणि घरी येऊन माझ्या घागरीतलं पिता. लाज कशी वाटत नाही हो?"

नानांना वाटायची लाज. चांगली वाटायची. पण बोलून दाखवायचा स्वभाव नाही, म्हणून ते भांडं रिकामं करून पुढे करायचे आणि ती पुन्हा भरून द्यायची.

एकदा योग आलाही होता. वरच्या आळीपर्यंत पाइप टाकायचं काम निघालं. चढाच्या मध्यापर्यंत चर खणला, पाइप टाकला. मग पुढे काळा कातळ लागला, त्यातच साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना त्या कामात रस नव्हता. पाइपच्या तोंडावर लोखंडी झाकण घट्ट बसवून नानांनी स्वतःच्या हाताने माती ओढली. खूण हरवू नये म्हणून वर एक सपाट, लांबट दगड बसवला. सगळ्यांना सांगितलं, सरकारी खूण आहे, कुणी हलवू नका. खरं म्हणजे खुणेला मुठीएवढा दगड पुरला असता. हा दगड नानांनी चार दिवस शोधून, बायकोच्या कमरेच्या मापाने आणला होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्यावर घागर टेकवली, मग स्वतःही टेकली. पाणी इथवर आलंय, तुझ्या बुडाखाली आहे, असं नानांनी सांगितल्यावर ती इतकी हसली की घागर कलंडता कलंडता राहिली. तेव्हापासून तो टेकायचा दगड झाला. वरच्या आळीतल्या सगळ्या बायका तिथे टेकायच्या. सासवांच्या तक्रारी तिथे व्हायच्या, सुनांच्याही व्हायच्या, फक्त वेळा निराळ्या. नानांची बायको घरी यायला हमखास उशीर करायची. नाना विचारायचे, एवढा वेळ कुठे होतीस? ती म्हणायची, पाण्यावर बसले होते.

चार वर्षांपूर्वी ती गेली. घागर घरात कोपऱ्यात पालथी पडली. एकट्या माणसाला एक कॅन दोन दिवस पुरतो.

शाळेच्या खोलीत आता शिंप्याची सून उभी राहिली होती. ही नानांच्याच आळीतली, नानांच्या पलीकडचं घर. भरल्या सभेत बोलायची सवय नसल्यामुळे ती खाली बघून बोलत होती. तिने विचारलं, वरच्या आळीला पाणी कधी येणार? नकाशाताईने खरं ते सांगितलं. पंप मिळेल, पण सगळा चढ खणून पाइप टाकायचा म्हणजे मोठं काम आहे. त्यामुळे वरची आळी दुसऱ्या टप्प्यात आहे. दुसरा टप्पा म्हणजे दहा वर्षांनी.

"दहा वर्षांनी माझी पोरगी पाणी भरायला लागेल," सून म्हणाली आणि खाली बसली.

तिने हात मांडीवर ठेवले. दोन्ही हातांच्या बोटांवर कॅनच्या कडीचे लाल वळ होते. नानांनी ते बघितले आणि नजर वळवली. असेच वळ त्यांनी बरीच वर्षं बघितले होते, फक्त घागरीचे वळ कमरेवर उठतात.

अर्धा चढ खणायची गरज नाही, हे त्या खोलीत एकट्या नानांना माहीत होतं. जुन्या साहेबांचे कागद कधीच गहाळ झाले होते आणि चर खणल्याचं गाव विसरून गेलं होतं. नाना बोलले तर आळीला पाणी लवकर येईल. पण पाइपचं तोंड जिथे, पंपाची खोलीही तिथेच बांधावी लागणार, आणि दगड जाणार. गप्प राहिले तर दगड राहील. त्यांना फार वाटत होतं की तो राहावा. संध्याकाळी ते तिथे जाऊन बसायचे, आणि खोटं कशाला बोला, तिच्याशी दोन शब्द बोलायचेही. तीही काय म्हणाली असती कोण जाणे. गुडघे दुखत असले की म्हणायची, पाणी वर आलं की फोडून टाका तो मेला दगड. आणि गुडघे बरे असले की म्हणायची, पाणी आलं तरी दगड राहू द्या हं, तेवढंच चार बायकांचं बोलणं होतं.

"नाना," न्हावी कानाशी कुजबुजला, "एवढे गप्प? कुठेतरी पाणी मुरतंय."

नाना उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

"अर्ध्या चढापर्यंत पाइप टाकलेला आहे," ते म्हणाले. "टेकायच्या दगडाखाली त्याचं तोंड आहे. झाकण मी लावलंय."

मग सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. टेकायचा दगड म्हणजे काय हे त्या खोलीत फक्त नकाशाताईला माहीत नव्हतं आणि ते तिला एकाच वेळी दहा जणी सांगत होत्या. ती पेन्सिल घेऊन नकाशाजवळ गेली आणि नेमकं कुठे म्हणून विचारलं. खालच्या नळापासून एकशे बारा पावलं, नाना म्हणाले, पण माझी पावलं, तुमची नव्हेत. तिने तिथे एक छोटी फुली केली आणि बाजूला लिहिलं, टेकायचा दगड. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कागदावर आला.

मग तिने हिशेब मांडला आणि चेहरा खुलला. वरची आळी पहिल्या टप्प्यात घेता येईल, असं ती म्हणाली. शिंप्याच्या सुनेने तोंडाला पदर लावला.

"दगड बाजूला सरकवता येईल का, आजोबा?" नकाशाताईने हळूच विचारलं. पोर हुशार होती, तिला काहीतरी कळलं होतं.

"एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला उतार," नाना म्हणाले. "जागा नाही. काढा तो."

त्यांनी लाल ठिपका बोटावरून कसाबसा सोडवला आणि त्या फुलीवर लावला. नीट बसावा म्हणून दोनदा दाबला.

"हिरवा राहिला तुमचा," ती म्हणाली. नाना म्हणाले, असू दे.

परतताना उन्हं कलली होती. चढाच्या मध्यावर नाना दगडावर बसले. हिरवा ठिपका इथेच लावावा असं एकदा मनात आलं, पण उद्या कुणाचा उगाच घोळ होईल म्हणून त्यांनी हात मागे घेतला. थोड्या वेळाने शिंप्याची सून दोन कॅन घेऊन आली. नाना सरकले. तिने कॅन दगडावर टेकवले आणि पदराने मान पुसली.

"तुमच्यामुळे झालं नाना," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "काकू असत्या तर..."

"ती उशिरा घरी आली असती," नाना म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि कोपऱ्यातली घागर सुलटी करून पाटावर उभी ठेवली. तिच्या पोटावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. मग हिरवा ठिपका काढला. दिवसभर बोटाला चिकटून त्याचा डिंक निघून गेला होता आणि आता तो कशालाच धरेना. नाना अंगठ्याने तो घागरीवर दाबून धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.