पोस्टरवरची खुडूक कोंबडी

मी कोंबडी बोलतेय. कुठली कोंबडी, ते मात्र मला नीट सांगता येणार नाही. कागदावर मी 'सुधारित वाण, चौथी पिढी' आहे, दाणे घालणाऱ्या मामांच्या तोंडी 'अगं ए' आणि पोस्टरवर 'माय'. या तिघी एकच आहेत, याची माझी मला अजून खात्री पटलेली नाही.

माझा जन्म यंत्रात झाला. अंडी संशोधन केंद्रातल्या उबवणी यंत्राचा ट्रे एकविसाव्या दिवशी बाहेर ओढला आणि आम्ही चारशे पिल्लं एका दिव्याखाली जाऊन पडलो. दिवा गरम होता आणि कधी विझत नसे. आई म्हणजे असंच काहीतरी वरून लोंबकळणारं असतं, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई. कपाळावर चष्मा ठेवून तोच चष्मा शेडभर शोधणाऱ्या. घरामागच्या अंगणात, उरल्यासुरल्यावर जगेल, उन्हाळ्याला दाद देणार नाही आणि तरी भरपूर अंडी घालेल, अशी कोंबडी घडवायला त्यांनी बारा वर्षं घातली होती. त्यासाठी एक नियम होता. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसली, की तिचं अंडी घालणं थांबतं. म्हणून बसणाऱ्या कोंबड्या दर पिढीत वेचून काढून टाकायच्या. असं करत करत बसणं आमच्या रक्तातूनच गेलं होतं. अंडं घालावं, उठावं, दाण्याकडे जावं. मागे वळून पाहायचं असतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग सरकारचं नवं धोरण आलं. मामांनी दाणे घालता घालता ते आम्हाला समजावून सांगितलं. एका हाताने संशोधनाला बळ द्यायचं आणि दुसऱ्या हाताने बाजारात अंड्यांचा प्रचार करायचा. दुसरा हात म्हणजे प्रचारसाहेब. रिकाम्या ट्रेंची खोली झाडून त्यांना दिली, डॉक्टरबाईंच्या खोलीला लागूनच. मनाने भला माणूस. अंड्याचे गुण सांगताना त्यांना भरून येई. कोंबडी जवळ आली की मात्र ते टेबलामागे सरकत.

त्याच सुमारास मला काहीतरी झालं. एका सकाळी मी अंडं घातलं आणि उठलेच नाही. अंडं उचलायला मामांचा हात आला, तर त्याला मी चोच मारली. का मारली, ते आजही सांगता येत नाही. अंडं गेलं, तरी मी बसून राहिले. पोटाखालची पिसं माझी मीच उपटली होती.

मामा दचकले. "अगं ए, गेल्या दोन पिढ्यांत कुणी बसलं नाही. तुला कुठून आठवलं?"

काय आठवलं, हे मलाही विचारायचं होतं. मामांनी मला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात टाकलं. खालून वारा लागला की पोटाची ऊब जाते आणि कोंबडी ताळ्यावर येते म्हणे. मी जाळीवर बसले. पाचव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या, माझ्या उघड्या पोटाला हात लावून वहीत काहीतरी लिहून गेल्या. 'बाद' असं लिहिलंय, हे मामांनी सांगितलं. बाद झालेल्यांना सोमवारची गाडी बाजारात नेते, हे त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या त्या गाडीतून गेल्या आणि परतल्या नाहीत, त्यावरून ते माझ्या ध्यानात आलं.

पण शनिवारी प्रचारसाहेब फोटोवाल्याला घेऊन शेडमध्ये आले. नव्या मोहिमेसाठी त्यांना पोस्टर हवं होतं. पिल्लांना पंखाखाली घेतलेली कोंबडी आणि वर 'अंडं म्हणजे माया'. त्यांनी वीसएक कोंबड्यांपुढे पिल्लं ठेवून पाहिली. काही पळाल्या, काहींनी पिल्लांना टोचलं. साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा मामा हळूच म्हणाले, "आहे एक."

यंत्रातून नुकतीच निघालेली सहा पिल्लं माझ्यापुढे सोडली. ती सरळ माझ्या पोटाखाली शिरली. माझ्या गळ्यातून एक आवाज निघाला. तो मला कुणी शिकवला नव्हता, पण पिल्लांना तो कळला. ती गप्प झाली.

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, ही कोंबडी आमच्या नियमात बसत नाही."

"पण बसलीय तर किती छान, बाई," साहेब म्हणाले.

फोटो झाला. पिल्लं उचलून परत दिव्याखाली नेली. मी पिंजऱ्यात गोल गोल फिरत राहिले. ज्या गोष्टीसाठी मला काढून टाकायचं ठरलं होतं, त्याच गोष्टीसाठी फोटोवाला 'वा, वा' म्हणून गेला होता.

सोमवारची गाडी साहेबांनी मला न घेताच जाऊ दिली. मोहिमेचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मलाही नेलं. वर माझं भलंमोठं पोस्टर, खाली पिंजऱ्यात मी. लोक वर पाहून हसत, खाली पाहून पुढे जात. दुपारी एक मावशी थांबल्या. चार वर्षांपूर्वी केंद्राच्या कोंबड्या वाटण्याच्या योजनेत, पहिल्याच वाटपात त्यांना दहा कोंबड्या मिळाल्या होत्या. अंडी इतकी झाली की घरची नातवंडं खाऊन शेजारी वाटली, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. पण दहांपैकी एकही बसली नाही. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, सरल्या, मागे पिल्लू नाही. पुढच्या वाटपाचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे, हे कुणी सांगेना.

मग त्यांनी वर बोट दाखवलं. "बाई, मला ही चित्रातली एक द्या."

"ती योजनेत नाही, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"योजनेत नाही, तर चित्रात कशी?"

साहेबांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, डॉक्टरबाईंनी साहेबांकडे. मी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

शेवटी डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बारा वर्षं मी कोंबडीचं बसणंच काढून टाकत आले. अंडी वाढली, ती मी रोज लिहिली. तुमचं अंगण रिकामं होतंय, हे लिहायला माझ्या वहीत रकानाच नव्हता."

पिंजऱ्याचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं आणि मला मावशींच्या ओच्यात ठेवलं.

मावशींच्या अंगणात पोचले तेव्हा दोन दिवस मी भिंतीला चिकटून होते. नुसती माती, वर छत नाही, दाणे स्वतः शोधायचे. मग अंगवळणी पडलं. शेजारच्या घरचा कोंबडा येऊ-जाऊ लागला. मी पुन्हा अंडी घातली आणि अकरा अंड्यांवर बसले. मला कुणी उठवलं नाही. आठ पिल्लं निघाली. एक घारीने नेलं, सात जगली.

डॉक्टरबाई आता सुट्टीच्या दिवशी येतात आणि घमेलं उपडं करून त्यावर बसतात. अंडी थोडी कमी घालेल पण आपली पिल्लं आपण उबवून काढेल, अशा वाणाचा प्रस्ताव त्यांनी वर पाठवला होता. 'अंडी कमी करण्याचं संशोधन कशासाठी?' असा शेरा मारून तो परत आला. त्याच आठवड्यात माझी आणखी हजार पोस्टरं छापायला गेली. प्रस्ताव त्यांनी पुन्हा लिहिलाय. या खेपेला खाली प्रचारसाहेबांचीही सही आहे. सहीसाठी ते इथे आले होते आणि मी पायाशी गेले तेव्हा टेबल नसल्यामुळे मावशींच्या मागे सरकले.

माणसांनो, तुमचं धोरण मला कळलेलं नाही. मला माझंच पुरतं कळलेलं नाही. एवढंच मागते, की आमच्यातली एखादी अशी अचानक बसून राहिली, तर बाद लिहिण्याआधी थोडं थांबा.

माझ्या सातांत चार मुली आहेत. थोरली दोन महिन्यांपासून अंडी घालतेय. घालते, उठते आणि निघून जाते, केंद्रातल्यासारखीच. आज मात्र सकाळपासून ती घराच्या दाराआड ठेवलेल्या टोपलीतून हललेली नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, बसली असेल का हो ही? मावशी म्हणाल्या, माहीत नाही, पण ते दार जरा लोटून घ्या, तिला वारा लागतोय.

डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी दार लोटलं.