गळक्या पाइपामागचा नेचा

मित्रांनो, खरं सांगू? मी गप्पच बसणार होतो. म्हटलं, माझं कोण ऐकणार? मला ना फूल, ना फळ, ना वास. पण काकांचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून बोलतोय.

मी एक जुना नेचा आहे. इस्त्रीच्या दुकानामागच्या भिंतीत, गळक्या पाइपामागे राहतो. आम्हाला बी नसतं. पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात, त्यातून पिठापेक्षा बारीक भुकटी उडते. तसाच एक कण कुठून तरी उडत आला आणि इथे चिकटला. चुन्याची भिंत, सावली आणि थेंब थेंब पाणी. तिन्ही मिळालं तरच आम्ही जगतो. लाड फार आमचे, काय करणार!

इस्त्रीवाले काका रोज सकाळी कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन मागे येतात. "काय दोस्ता, उठलास का?" म्हणत मलाही एक फवारा मारतात. काकूंना ते अजिबात आवडायचं नाही.

"अहो, प्लंबरला बोलवा. भिंत कुजली."

"कुजली कुठे? हिरवी झालीय."

"मग तिथेच अंथरूण टाका!"

एकदा एक ताई कोट न्यायला आली. वनस्पतींचा अभ्यास करते. सहज मागे डोकावली आणि मला बघून मटकन खालीच बसली.

"काका, हा जगात फक्त दोन कड्यांवर आणि एका विहिरीत सापडलाय! त्यातला एक कडा खाणीत गेला."

मला वाटायचं, आम्ही सगळ्या भिंतींवर असतो.

"उद्या मोजायला येते," ताई म्हणाली. "तो इथे नुसता आहे की वाढतोय, ते बघायचंय. वाढत असेल तर ही भिंत नकाशावर येईल. मग तिला कुणी हात लावणार नाही."

काकांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी ब्रश आणि बादली घेऊन हजर. "दोस्ता, आज तुझा फोटो आहे. हे शेवाळ काढून टाकतो."

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. ते शेवाळ नव्हतं. नेच्याचं बाळ आधी नेच्यासारखं दिसतच नाही. नखाएवढा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा असतो नुसता. माझी सगळी पिल्लं बादलीत गेली.

ताई आली. भिंत लख्ख, मधोमध मी, न्हाऊ घातल्यासारखा.

"काका, पिल्लं कुठायत? काल इथे होते ते हिरवे पापुद्रे?"

काकांच्या हातातून ब्रश सुटला. "मीच... जरा बरं दिसावं म्हणून..."

तेवढ्यात काकू बादली घेऊन आल्या. "फेकलं नाहीये अजून. कुंडीत ओतणार होते. साबणही नाही त्यात."

तिघांनी मिळून चमच्याने ते पापुद्रे भेगांत बसवले. "जगतील की नाही, सांगता येत नाही," ताई म्हणाली. "परत येऊन बघेन. तोवर नकाशा थांबवते."

संध्याकाळी प्लंबर आला. काकूंनीच आधी सांगून ठेवलेला. आता काकूच दारात आडव्या उभ्या.

"बाकी सगळं कर. हा पाइप गळू दे."

"काकू, गळू दे?"

"हो, गळू दे. कानात बोळे घातलेस का?"

मित्रांनो, भिंत घासायच्या आधी एकदा जवळ जाऊन बघत जा. एवढंच मागतो.

काका हल्ली मला दोस्ता म्हणत नाहीत. फवारा मारतात आणि मान खाली घालून जातात. काका, एकदा माझी पानं उलटून तर बघा, ठिपके पुन्हा पिकलेत. ताई परत येईल तेव्हा या भिंतीवर मी एकटा नसेन. शब्द देतो, दोस्ता.