चेहरा दिसेल असा कॅमेरा

दुर्गाबाईंनी टेपचं टोक गेटच्या खांबाला दाबून धरलं आणि उकंडराव उलट्या पावलांनी घराच्या भिंतीपर्यंत सरकत गेले. सोळा फूट भरलं. मग त्यांनी बाईंना रस्ता ओलांडून समोरच्या विजेच्या खांबापाशी उभं केलं आणि टेप ताणून पुन्हा वाचला.

"बेचाळीस," ते म्हणाले आणि वहीच्या कागदावर आकडा लिहून घेतला.

"चोर काय त्या खांबापाशी उभा राहते का?"

"तू टेप सोडू नको."

बाईंनी सोडला नाही. गेटचा खांब त्यांच्या रोजच्या उपयोगाचा होता. सकाळी दहाला पाच कमी असताना त्या झाडू घेऊन तिथं येत, आणि नेमकी त्याच वेळी पौर्णिमा आपल्या साडेचार वर्षांच्या स्नेहाला अंगणवाडीत सोडायला त्या रस्त्यानं जाई. पौर्णिमा ही त्यांची पोटची मुलगी. बाप सहा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता आणि आईनंही बोलायचं नाही, असा घरातला कायदा होता. तेव्हा एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातातला पेरू, नाहीतर गूळशेंगदाणे, नातीच्या मुठीत, एवढाच काय तो व्यवहार. उकंडराव त्या वेळी आत, दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले असत. पौर्णिमा गावात राहायला आली त्याला वर्ष झालं होतं आणि वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं. आता हा टेप. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं बाईंचं झालं. ह्यांना सगळं कळलं, असं त्यांनी धरूनच टाकलं.

निमित्त चोरीचं होतं. दिवाळीनंतर जऊळका गावात दोन घरं फुटली होती, ही गोष्ट खरी. पण उकंडरावांच्या घरातून नेण्यासारखं होतं तरी काय? तुरीची दोन पोती, न चालणारी मोपेड आणि निवृत्त मुख्याध्यापकाची पुस्तकं. पुस्तकं नेणारा चोर त्या तालुक्यात अजून जन्मला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं मालेगावला गेले. कॅमेऱ्याचं दुकान हेमसिंग नावाच्या तिशीतल्या माणसाचं होतं. त्यानं काउंटरवर खोकी मांडली आणि गुरुजींच्या हातातला कागद नीट पाहून घेतला.

"बजेट कमी असन त दोन मेगापिक्सेलचा घ्या गुरुजी. रुंद लेन्सचा. अंगण, गेट, गाडी, सारं एका चित्रात येते. चोरीसाठी हाच बरा."

"रस्त्यावरच्या मानसाचा चेहरा दिसन का त्यात?"

"मानूस दिसन. चेहरा नाई. बेचाळीस फुटावर चेहरा पाहिजे त चार मेगापिक्सेल अन् सहाची लेन्स घ्या लागन. पन मंग अंगण सुटते. समोरचा तेवढा तुकडाच दिसन."

"मले चेहराच पाहिजे."

"साधाच घ्या ना," दुर्गाबाई मध्ये बोलल्या. "गेटापर्यंत दिसलं त झालं. लोकाचे चेहरे पाहून काय करता?"

उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चार मेगापिक्सेलचा खर्च त्यांनी दुसरीकडून भरून काढला. मागच्या बाजूचा दुसरा कॅमेरा रद्द केला. हार्ड डिस्क सगळ्यांत लहान घेतली.

"यात पाच-सहा दिवसाचंच रेकॉर्डिंग राहीन," हेमसिंग म्हणाला. "चोरी झाल्यावर पोलिसाले दाखवाले लागते."

"रेकॉर्डिंग कमी चालन. टीव्हीवर थेट दिसलं पाहिजे."

"मंग वायफायचा देऊ? वायर टाकाचं काम नाई."

"त्याचं चित्र मधातच अटकते म्हनतात. नोको. वायरच टाका. अन् लाइट गेली त?"

"वायरवाल्याले वीज अन् चित्र एकाच वायरीनं जाते. टीव्हीसकट सारं यूपीएसवर घेतलं त अर्धा-पाऊन तास चालन."

उकंडरावांनी यूपीएसही घेतला. ज्या माणसानं बायकोला मिक्सर घेताना तीन दुकानं हिंडवली होती, त्यानं हे सगळं एका बैठकीत ठरवलं, आणि बाईंना वाटलं, इतका राग आहे तर यांच्या मनात.

परतीच्या एसटीत ते खुशीत होते. "पोरगा हुशार आहे," ते म्हणाले. "तांड्यावरचा आहे, पन बोलनं कसं सरळ."

दुर्गाबाईंना जावई आठवला. विनोदही बंजाऱ्यांच्या तांड्यावरचाच होता. पौर्णिमेनं त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तोही सरळच बोलला होता, या घराच्या ओसरीवर उभं राहून. चौदा एप्रिलला स्टेजवरून आंतरजातीय विवाहावर तास-तासभर बोलणाऱ्या उकंडरावांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! त्यानंतर पाचव्या दिवशी त्यांनी पौर्णिमेच्या फोटोला हार घातला, नातेवाईक जमवले आणि बाईंना खीर करायला लावली. विहारातल्या भंतेजींना बोलावणं गेलं होतं, ते आले नाहीत. मी गेलेल्यांसाठी पुण्यानुमोदन करतो, असलेल्यांसाठी नाही, असा त्यांचा निरोप आला. मग उकंडरावांनी स्वतःच त्रिसरण म्हटलं, आणि जिवंत लेकीच्या नावाची खीर दुर्गाबाईंनी पंगतीत वाढली. ती खीर आपण ढवळली हे त्या विसरल्या नव्हत्या, आणि नवऱ्याला त्यांनी ते माफही केलं नव्हतं. फोटो अजून ओसरीच्या भिंतीवर, गेलेल्यांच्या रांगेत होता. उकंडराव रोज सकाळी सगळ्यांबरोबर तोही पुसत.

हेमसिंग कॅमेरा बसवायला येणार होता, त्या दिवशी सकाळी गेटापाशी दुर्गाबाईंनी पौर्णिमेला घाईघाईनं सांगितलं.

"उद्यापासून मागून ये. नाल्याच्या कडेनं. तुह्या बाबानं कॅमेरा आनला."

"कायले?"

"आपन भेटतो का, ते पाहाले. रस्त्यावरच्याचा चेहरा दिसते त्यात."

पौर्णिमा हसली. ते हसणं बाईंना आवडलं नाही.

"मेलेली मानसं कॅमेऱ्यात दिसत नाईत आई. सांग त्याईले."

पण दुसऱ्या दिवसापासून ती मागून येऊ लागली. घरामागं कमरेएवढी भिंत होती, पलीकडे नाल्याची पायवाट. दुर्गाबाई भांडी घासायच्या निमित्तानं तिथं जात. उलट आता दोन शब्द जास्त बोलता येत, कारण उकंडराव ओसरीत टीव्हीसमोर खिळलेले असत.

साडेनऊलाच ते चष्मा पुसून बसत. पडद्यावर गेटचा वरचा भाग, रस्ता आणि समोरचा विजेचा खांब. चित्र खरोखरच स्वच्छ होतं. खांबावरचा नंबर वाचता येई. दूधवाला गेला, एक ट्रॅक्टर गेला, कुत्रं येऊन खांबाशी थांबलं. अकरा वाजेपर्यंत ते पाहत, आणि दुपारी अंगणवाडी सुटायच्या वेळेला पुन्हा. लाइट गेली की त्यांचं लक्ष यूपीएसच्या हिरव्या दिव्याकडे लागे. पेपर घडीसकट तसाच पडून राही. पाहा, पाहा किती पाहायचं ते, दुर्गाबाई मनात म्हणत, आणि मागच्या दारानं पेरू घेऊन जात.

नवव्या दिवशी उकंडरावांनी हेमसिंगला बोलावून घेतलं. तो शिडी लावून वर चढला, काच पुसली, वायर काढून पुन्हा बसवली. दुर्गाबाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. दार उघडं होतं.

"काई बिघाड नाई गुरुजी. ते बकरी पाहा, कानातला बिल्ला दिसून राह्यला तिचा."

"बकरी दिसते. मानसं दिसत नाई."

"जात असतीन त दिसतीन. कोनाले पाहाचं आहे तुमाले?"

उकंडराव बोलले ते मुख्याध्यापकाला न शोभणाऱ्या आवाजात.

"एक लहान पोरगी जाते इकडून. दहाले पाच कमी असतात तवा. पायात पैंजन आहेत. मी पाठ करून बसतो, पन आवाज येते मले. गेटापाशी थांबतात ते पैंजन, मंग पुढं जातात. वर्ष झालं आयकून राह्यलो. कशी दिसते, एक डाव पाहाव म्हनलं. अन् कॅमेरा लावला तवापासून आवाजच बंद."

"कोनाची पोरगी? नाव सांगा, इचारतो मी."

"नाव मले मालूम नाई."

दुर्गाबाई हातात चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. स्नेहा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सहाची लेन्स, न अडकणारं चित्र, रेकॉर्डिंग कमी पण थेट, सगळ्याचा अर्थ त्यांना एकदम कळला. ह्यांना सगळं ठाऊक होतं, गेटापाशी कोण थांबतं तेही, आणि वर्षभर हे गप्प बसले होते. त्यामागून लगेच संताप आला. सोळा फूट चालायचं होतं या माणसानं! वायर टाकली, भिंतीला भोकं पाडली, पण सोळा फूट चालून गेटापर्यंत आला नाही.

त्यांनी कप स्टुलावर ठेवले. "साखर कमी आहे का पाहा," त्या हेमसिंगला म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळभर त्यांचं मन जागेवर नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःशीच एक गोष्ट ठरवली. उद्या सकाळी ह्यांनी तो हार काढला, तर आपण नातीला कडेवर घ्यायचं आणि कॅमेऱ्यासमोर नाही, थेट ह्यांच्यासमोर आणून उभं करायचं. तोंडानं विचारायचं नाही, सुचवायचंही नाही. एवढं तरी त्या माणसाचं त्याला सुचू दे.

सकाळी उकंडराव फडकं घेऊन ओसरीत आले. आईचा फोटो पुसला, वडिलांचा पुसला. पौर्णिमेच्या फोटोपाशी आल्यावर त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, दोन्ही हातांनी हार उचलला आणि खिळ्यावरून काढला. स्वयंपाकघराच्या दारातून दुर्गाबाई पाहत होत्या. हार हातात घेऊन ते अंगणातल्या नळावर गेले. प्लास्टिकची फुलं त्यांनी एकेक करून धुतली, पाणी झटकलं, आणि परत येऊन तो होता तसाच फोटोला घातला. एक बाजू खाली आली होती, ती सरळ केली. मग चष्मा पुसून टीव्हीसमोर बसले.

दुर्गाबाईंनी टोपलीतून पेरू घेतला आणि मागच्या दारानं बाहेर पडल्या.

पौर्णिमा भिंतीपलीकडे उभी होती. तिनं स्नेहाला उचलून भिंतीवर बसवलं. आत उकंडरावांना खोकल्याची उबळ आली, ती मागपर्यंत ऐकू आली.

"आजी, कोन खोकलून राह्यलं?"

पौर्णिमेनं तोंड फिरवलं. दुर्गाबाई पेरू पदराला पुसत होत्या.

"तुहे आजोबा."

"काय करून राह्यले ते?"

"टीव्ही पाहून राह्यले."

"मले बी पाहू दे ना."

"काई लागत नाई त्यात," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पेरू तिच्या हातात दिला.