फ्लोरियनच्या काचेतला रणगाडा

माझा धाकटा भाऊ फ्लोरियन आमच्या पोलिश वस्तीच्या हॅमट्रॅमक गावात न्हावी होता. गिऱ्हाईक नसलं की तो रणगाडे करत बसे. लाकडाचे, पुठ्ठ्याचे, वस्तऱ्याला धार लावायच्या जुन्या पट्ट्याच्या कातड्याचे. दुकानाच्या दर्शनी काचेमागे त्यांची रांग होती आणि पोरं शाळेतून येताना तिथे नाक चिकटवून उभी राहत. माझा नवरा टेड शेजारच्या वॉरनमधल्या एका कंपनीत खऱ्या रणगाड्यांचे आराखडे काढायचा. कामाबद्दल घरी अवाक्षर काढायचा नाही. डब्यातलं सँडविच कसं झालं होतं हेसुद्धा विचारून घ्यावं लागे.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. ईस्टरपूर्वीचे लेंटचे उपास सुरू होण्याआधीचा मंगळवार होता, पॉन्चकी, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड गोळे, घ्यायला बेकरीसमोर ही रांग लागलेली. त्या रांगेत टेडचे साहेब हॉलिस होते. फ्लोरियन टेडचा मेहुणा आहे हे त्यांना माहीत होतं. उभ्या उभ्या त्यांची नजर शेजारच्या फ्लोरियनच्या काचेत गेली. तिथे नवा रणगाडा होता, अजून सैन्याच्या हातातही न पडलेला. बाहेरून तो कसा दिसतो हे वर्तमानपत्रात छापून आलं होतं, त्यात काही नवल नव्हतं. पण फ्लोरियननं तो कलिंगडासारखा मधोमध कापून ठेवला होता. वरच्या फिरत्या घुमटाची पुढची भिंत पावाच्या लादीएवढी जाड, आणि तिच्या आत थर: पत्रा, कातडं, लाकूड, पुन्हा पत्रा. आत काय आहे हे मात्र कुठेही छापून आलेलं नव्हतं.

हॉलिस पॉन्चकी न घेताच निघून गेले.

दोनच दिवसांत टेडला त्याच्या टेबलावरून उठवलं. दुसऱ्या इमारतीत जुन्या रणगाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं लावत बसायचं काम दिलं. जेवायच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसेना. मग सरकारकडून चौकशीला प्रुइट नावाचे गृहस्थ घरी आले. अतिशय सभ्य. कॉफी घेतली, केकला हात लावला नाही. आधी टेडशी बोलले, मग त्याला बाहेर पाठवून माझ्याशी. भाऊ काय विचारतो, नवरा घरी कागद आणतो का, पोलंडमध्ये आमचं कोण आहे. आम्ही मूळचे तिकडचे, आणि पोलंड तेव्हा कम्युनिस्टांच्या गोटात. मी सांगितलं, टार्नूफला मावशी आहे. ती काय लिहिते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बूट पाठवा असं लिहिते. त्यांनी तेही लिहून घेतलं.

त्यानंतर, कुणी चोरून ऐकत असेल म्हणून, आमच्या घरात रेडिओ मोठ्यानं लागू लागला. कोट काढला की टेड खिसे चाचपून बघे. एकदा भांडी पुसता पुसता त्यानं विचारलं, "मी झोपेत बोलतो का गं, इरेना?"

"घोरतोस," मी म्हटलं.

तो हसला नाही. "फ्लोरियन तुला कधी काही विचारायचा?"

"दर रविवारी जेवायला आला की विचारायचा. तुझ्यासमोरच. नवीन गाडी कशी आहे, टेड, म्हणून. आणि तू म्हणायचास, बटाटे वाढ."

"आणि मी उठून बाहेर गेल्यावर?"

मी हातातली बशी खाली ठेवली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्या दिवसापासून मी आमच्या मुलीच्या खोलीत झोपायला लागले.

खोटं कशाला बोलू, मीही फ्लोरियनच्या दुकानासमोरून जाताना आत कोण बसलंय ते बघू लागले होते. एक अनोळखी टोपीवाला दोनदा दिसला तर तो बाहेर पडेपर्यंत मी कोपऱ्यावर थांबून राहिले. तो गॅस कंपनीचा माणूस निघाला.

एका सोमवारी, दुकान बंद असताना, प्रुइटनी आम्हाला दोघांनाही तिथे बोलावलं. फ्लोरियन आपल्याच खुर्चीत बसला होता. हे सगळं कुठून कळलं, असं विचारल्यावर त्यानं आरशाला खोचलेलं वर्तमानपत्रातलं चित्र काढलं. त्यात घुमटाच्या झाकणातून एका सैनिकाचं डोकं वर आलेलं होतं.

"डोकी मी दिवसभर हातात धरतो," तो म्हणाला. "मोठ्या माणसाच्या डोक्यात फार फरक नसतो. याच्या डोक्यानं मोजलं तर हा भिंतीपासून फारच मागे बसलाय. जुन्या गाडीत एवढा मागे नसायचा. मधे काय, बटाटे भरलेत?"

"आणि ते थर?" प्रुइटनी विचारलं.

"जुना घुमट गोल, मडक्यासारखा ओतलेला असायचा. हा सपाट फळ्या जोडून केलेला आहे. नुसतंच पोलाद हवं असतं तर पुन्हा गोलच ओतला असता की. पेटी कुणी करतो ती आत काहीतरी भरायला. काय भरलंय ते मला काय ठाऊक? माझ्याकडे कातडं उरलं होतं, मी कातडं भरलं."

प्रुइट बरोबर म्हणाले नाहीत, चूकही म्हणाले नाहीत. टेड त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि मी टेडच्या. त्यांनी ती दोन्ही अर्धुकं एका खोक्यात ठेवली, आभार मानले आणि खोकं घेऊन गेले. ते काही परत आलं नाही.

ईस्टर झाल्यावर टेडला त्याचं टेबल परत मिळालं. मिटलं एकदाचं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ऑफिसात मिटलं असेल. मग शनिवारी त्याला घेऊन मी दुकानात गेले आणि भिंतीकडच्या बाकावर बसले.

फ्लोरियननं टेडच्या गळ्याभोवती कापड बांधलं. मागचे केस कापायला घेतले. मग तो म्हणाला, "त्या प्रुइटचं सोड, त्याची नोकरीच ती. तुला काय वाटलं होतं, टेड?"

टेड आरशात बघत राहिला. आरशात मीही दिसत असणार.

"वाटलं, तू असशील," तो म्हणाला. "नाहीतर इरेना."

कात्री थांबली.  मला वाटलं, फ्लोरियन आता कापड ओढून काढेल.

"मान खाली कर," तो म्हणाला आणि राहिलेले केस कापले, नेहमीपेक्षा सावकाश.

घरी जाताना टेड पाऊलभर मागून चालत होता. काहीतरी बोल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, बोलेन, पण आज नाही. उन्हाळा लागेपर्यंत मी मुलीच्या खोलीतच झोपले.

फ्लोरियन अजून रविवारी जेवायला येतो. आता तो गलबतं करतो. टेडलाच कधीकधी गाड्यांबद्दल बोलावंसं वाटतं. त्या आता सगळ्या जगानं पाहिल्यात, लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पण त्यानं विषय काढला की फ्लोरियन उठतो आणि माझ्याबरोबर बटाटे सोलायला येतो.